चुंबकांची कुचंबणा

चुंबकाचे दोन तुकडे केले तर उत्तर ध्रुव एका हातात आणि दक्षिण ध्रुव दुसऱ्या हातात येत नाही. दोन पूर्ण चुंबक मिळतात. शाळेत हे आपण सगळेच शिकलो. तुकड्यांचे तुकडे करत अणूपर्यंत गेले तरी ध्रुवांची जोडी काही फुटत नाही. असे असताना २००९च्या सप्टेंबरात जगभरच्या वृत्तपत्रांत आणि संकेतस्थळांवर ‘एकटा चुंबकीय ध्रुव सापडला’ अशा अर्थाचे मथळे झळकले. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक यांनी १९३१ मध्ये ज्या एकल ध्रुवाची शक्यता मांडली होती आणि ज्याच्या शोधात तेव्हापासून अनेकांनी उमेदीची वर्षे घातली, तोच हा, असा वाचकांचा समज झाला. मथळा निम्मा चुकीचा होता. पण जो निम्मा खरा होता, तो डिरॅक यांच्या ध्रुवाहून कमी नवलाचा नव्हता आणि तो कोणी धड सांगितलाच नाही.

हा ध्रुव सापडला होता डिस्प्रोसियम टायटनेट नावाच्या एका स्फटिकात, निरपेक्ष शून्याच्या जेमतेम एखाद-दोन अंश वर. तो अंतराळातून आलेला किंवा महाकाय यंत्रातून बाहेर पडलेला कण नव्हता. स्फटिकातल्या असंख्य अणूंच्या आपसातल्या ओढाताणीतून तो तयार झाला होता. अशा पदार्थांना इंग्रजीत ‘फ्रस्ट्रेटेड’ चुंबकीय पदार्थ म्हणतात. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ जेरार तुलूझ यांनी १९७७ मध्ये हा शब्द रूढ केला. मराठीत त्याला सरळ ‘वैफल्यग्रस्त’ म्हणण्याचा मोह होतो, पण मला तो शब्द पटत नाही. वैफल्य ही हरलेल्या माणसाची मनःस्थिती. इथे जे घडते त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: कुचंबणा. धरले तर चावते, सोडले तर पळते, ही ती अवस्था.

प्रत्येक अणू हा एक चिमुकला चुंबक आहे असे समजा. त्याचा बाण वर तरी असतो किंवा खाली तरी. काही पदार्थांत शेजाऱ्यांची एकमेकांना अट असते: तू वर, तर मी खाली. अणू चौकोनी मांडणीत बसले असतील तर अडचण काहीच नाही. बुद्धिबळाच्या पटावरच्या काळ्या-पांढऱ्या घरांप्रमाणे एक वर, एक खाली, सगळे समाधानी. आता तिघांना त्रिकोणात बसवा. पहिला वर, दुसरा खाली. तिसऱ्याने काय करायचे? वर गेला तर पहिल्याशी बिनसते, खाली गेला तर दुसऱ्याशी. तीन पक्षांची सरकारे पाहिलेल्या महाराष्ट्राला हे गणित अधिक समजावून सांगायला नको. तिघांच्या एकूण आठ मांडण्या संभवतात. त्यांतल्या सहा सारख्याच ‘कमीत कमी वाईट’ आहेत. सर्वांत चांगली अशी एक मांडणी नाहीच.

तीन अणूंचे हे भांडण क्षुल्लक वाटेल. पण स्फटिकात असे त्रिकोण अब्जावधींच्या अब्जावधी पटींनी असतात आणि प्रत्येकाची नाराजी शेजारच्याच्या नाराजीत अडकलेली असते. एरवी पदार्थ थंड केला की तो शिस्तीत येतो: वाफेचे पाणी, पाण्याचे बर्फ, लोखंडातल्या बाणांची एका दिशेने कवायत. इथे शिस्तीत यावे तर कोणत्या, हेच ठरत नाही. ग्रेगरी वॅनियर यांनी १९५० मध्येच गणिताने दाखवून दिले होते की त्रिकोणी जाळीवरची ही अव्यवस्था निरपेक्ष शून्यापर्यंत नेली तरी संपत नाही.

डिस्प्रोसियम टायटनेटमध्ये त्रिकोणांऐवजी चतुष्फलक असतात. चार त्रिकोणी पृष्ठभागांचा तो ठोकळा. असे ठोकळे टोकाला टोक जोडून त्यांचे जाळे झालेले असते आणि प्रत्येक टोकावर एक चुंबकीय अणू. त्याचा बाण या ठोकळ्याच्या आत रोखलेला असतो किंवा बाहेर. चौघांच्या १६ मांडण्यांपैकी ज्यांत दोन बाण आत आणि दोन बाहेर आहेत, त्या सहाच स्फटिकाला परवडतात. आता गंमत पाहा. साध्या पाण्याच्या बर्फातही अगदी हाच नियम असतो: प्रत्येक ऑक्सिजनभोवती चार हायड्रोजन, दोन जवळ, दोन लांब. त्या नियमात किती मांडण्या बसतात याचा अंदाज लायनस पॉलिंग यांनी १९३५ मध्ये चार ओळींच्या हिशेबाने बांधला होता आणि प्रयोगात तो बरोबर ठरला. म्हणून १९९७ मध्ये होल्मियम टायटनेटमध्ये ही वागणूक प्रथम ओळखली गेली, तेव्हा तिला नाव मिळाले ‘स्पिन आइस’, म्हणजे बाणांचा बर्फ. दोन वर्षांनी डिस्प्रोसियम टायटनेटमध्ये उरलेली अव्यवस्था प्रत्यक्ष मोजली गेली आणि ती पॉलिंग यांच्या साठ वर्षांपूर्वीच्या आकड्याशी जुळली. ‘नेचर’मधल्या त्या शोधनिबंधाच्या लेखकांत अमेरिकेतल्या आर्थर रामिरेझ यांच्या जोडीने राहुल सिद्धार्थन आणि बी. श्रीराम शास्त्री ही दोन नावे होती. शास्त्री हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

या बर्फात एखादा बाण उष्णतेने उलटा फिरला की काय होते? तो ज्या दोन ठोकळ्यांच्या सांध्यावर असतो, त्या दोन्हींचा हिशेब बिघडतो. एकात तीन बाण आत, दुसऱ्यात तीन बाहेर. मग पुढच्या ठोकळ्यातला आणखी एक बाण फिरला की हा बिघाड एक घर पुढे सरकतो. मागे नियम पुन्हा जसाच्या तसा. असे करत दोन बिघाड एकमेकांपासून कितीही लांब जाऊ शकतात. क्लाउदिओ कास्तेलनोवो, रोडरिक मोसनर आणि शिवाजी सोंधी यांनी २००८ मध्ये दाखवले की हे बिघाड हुबेहूब चुंबकीय ध्रुवांसारखे वागतात: एकात उत्तर, दुसऱ्यात दक्षिण, दोघांमधले आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. पुढच्याच वर्षी न्यूट्रॉनच्या प्रयोगांनी त्याची खूण पटवली आणि ते मथळे आले. २०१९ मध्ये तर संशोधकांनी अतिसंवेदनशील चुंबकीय शोधकाने या ध्रुवांच्या जन्म-मृत्यूचा गोंगाट टिपला. त्याची वारंवारता माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यातली निघाली, म्हणजे ध्वनिवर्धकाला जोडून तो सरळ ऐकता येतो.

‘पण मग हा ध्रुव खरा का?’ माझ्या मते हा प्रश्न विचारण्यात आपली एक जुनी सवय दडलेली आहे. खरे ते, जे सर्वांत लहान. बाकी सगळे त्याचे उपउत्पादन, अशी ती सवय. स्फटिक फोडला तर हा ध्रुव हातात येणार नाही, हे कबूलच. डिरॅक यांचा ध्रुव अजून कोणाला सापडलेला नाही, हेही. पण खंडाळ्याच्या घाटात शनिवारी सकाळी होणाऱ्या वाहतूक कोंडीचा विचार करा. गाड्या पुण्याकडे सरकत असतात आणि कोंडी मुंबईच्या दिशेने मागे मागे सरकत असते. तिला स्वतःचा वेग आहे, लांबी आहे, ती जन्मते आणि विरते. कोणतीही एक गाडी उघडून पाहिली तर तीत कोंडी सापडणार नाही. म्हणून कोंडी खोटी? तीत अडकलेल्या माणसाला विचारून पाहा. आणि कोंडीचे उदाहरण फार घरगुती वाटत असेल तर बारावीच्या पुस्तकातला अर्धसंवाहक घ्या. त्यात विद्युत्प्रवाह इलेक्ट्रॉन वाहून नेतात तसाच ‘होल’ही नेतो. होल म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा. जे नाही ते धन विद्युतभाराचा कण असल्यासारखे चालते आणि त्याच्या जोरावर तुमच्या खिशातला फोन चालतो. होल खरा आहे का, असे मोबाइलच्या दुकानात कोणी विचारत नाही.

अनेकांच्या एकत्र येण्यातून उगवणाऱ्या आणि एकट्यात न सापडणाऱ्या अशा गुणांना ‘उद्गामी’ गुणधर्म म्हणतात. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसन यांनी १९७२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात लिहिलेला ‘मोअर इज डिफरन्ट’ हा लेख या विचाराचा जाहीरनामा मानला जातो. मूलकणांचे नियम कळले म्हणून त्यांवरून जग पुन्हा उभे करता येईल असे नाही. संख्या वाढली की प्रत्येक पायरीवर नवे नियम लागू होतात, असे त्यांचे म्हणणे. हेच अँडरसन पुढे अमेरिकेच्या संसदेसमोर अब्जावधी डॉलरच्या महाकाय कणत्वरकाला विरोध करायला उभे राहिले. तो प्रकल्प १९९३ मध्ये रद्द झाला आणि कणभौतिकीतल्या मंडळींनी त्यांना बराच काळ माफ केले नाही. त्वरक रद्द होणे चांगले झाले असे मी म्हणणार नाही. पण ‘मूलभूत’ या शब्दावर सर्वांत लहान गोष्टींचा अभ्यास करणाऱ्यांचीच मालकी नाही, हा त्यांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. चुंबक आणि क्वांटम हे शब्द एकत्र छापले की चुंबकीय गाद्या आणि कडी विकणाऱ्यांना हुरूप येतो. वर सांगितलेले सगळे नवल निरपेक्ष शून्याच्या आसपास, म्हणजे उणे २७० अंशांच्याही खाली घडते. तुमच्या गुडघ्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

आता ‘याचा उपयोग काय’ या प्रश्नाकडे येऊ. तो आला की हल्ली संशोधकांकडे एक तयार उत्तर असते: क्वांटम संगणक. उत्तर सर्वस्वी चूक नाही. काही कुचंबलेल्या चुंबकांत ‘स्पिन लिक्विड’ नावाची अवस्था असते असे सिद्धांत सांगतो. अँडरसन यांनीच १९७३ मध्ये तिची कल्पना मांडली. तीत बाण थंडीतही गोठत नाहीत, सतत एकमेकांत गुंतलेले राहतात आणि त्यांतल्या काही प्रकारांत माहिती अशी साठवता येईल की बाहेरच्या धक्क्याने ती पुसली जाणार नाही. ‘येईल’ हा शब्द महत्त्वाचा आहे. निधीसाठीच्या अर्जात आणि प्रसिद्धिपत्रकात त्याचा ‘येते’ होतो आणि माझी तक्रार तिथे सुरू होते.

कारण ही अवस्था सिद्ध करणे कमालीचे अवघड आहे. तिची ओळख मुख्यतः नकारातून पटते: बाण गोठले नाहीत, शिस्त आली नाही, अमुक खूण दिसली नाही. आणि ‘दिसली नाही’ याला स्फटिकातला मळही कारण असू शकतो. हर्बर्टस्मिथाइट या हिरव्या खनिजाचेच उदाहरण घ्या. त्यातले तांब्याचे अणू ज्या जाळीत बसतात, तिला जपानी बुरूडकामातल्या विणीवरून ‘कागोमे’ म्हणतात. षट्कोनी भोके आणि त्यांच्याभोवती त्रिकोण. आपल्या बुरुडांच्या विरळ विणीच्या टोपल्यांतही ही वीण दिसते. २००५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत हे खनिज शुद्ध स्वरूपात बनवले गेले, तेव्हा स्पिन लिक्विडचा सर्वांत भक्कम उमेदवार म्हणून त्याचे स्वागत झाले. न्यूट्रॉनच्या प्रयोगाजोगा मोठा स्फटिक वाढवायला एमआयटीतल्या गटाला दहा महिने लागले आणि २०१२ मध्ये त्यातून उत्साहवर्धक निकाल आले. तरीही, जिथे जस्त असायला हवे तिथे काही टक्के जागी तांबे घुसलेले असते आणि दिसणारे परिणाम कागोमे थरांचे किती आणि त्या घुसखोर तांब्याचे किती, हा वाद मिटलेला नाही. रुथेनियम ट्रायक्लोराइडचेही तसेच. त्यात २०१८ मध्ये जपानी संशोधकांना जी नेमकी खूण दिसली, ती इतर प्रयोगशाळांना आपापल्या स्फटिकांत हमखास दिसत नाही.

यात कोणाची लबाडी नाही. विज्ञान असेच चालते. पण या संथ, वादग्रस्त, मळाशी झुंजणाऱ्या कामावर ‘क्वांटम संगणकाचा कच्चा माल’ अशी चिठ्ठी चिकटवली की ते ठरलेल्या तारखेला माल पोहोचवण्याच्या बोलीवर चालू लागते. मग जे हवे ते दिसू लागण्याचा धोका असतो. शेजारच्याच एका क्षेत्रात, अतिसूक्ष्म तारांमध्ये मायोराना कण दिसल्याचा २०१८ चा डच गटाचा शोधनिबंध २०२१ मध्ये ‘नेचर’मधून मागे घ्यावा लागला. सगळी माहिती समोर ठेवल्यावर दावा टिकला नाही.

भारतासाठी हा केवळ तात्त्विक मुद्दा राहिलेला नाही. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली; २०३०-३१ पर्यंत सहा हजार कोटी रुपयांहून थोडे अधिक. मिशनच्या चार मुख्य शाखांपैकी एक साहित्य आणि उपकरणांची आहे. देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च सकल उत्पन्नाच्या ०.६४ टक्के असताना असा पैसा येणे ही चांगलीच बातमी आहे. माझी भीती वेगळी आहे. मिशन म्हटले की टप्पे आले, टप्पे म्हटले की दाखवण्याजोगे काहीतरी हवे. तीन वर्षांच्या प्रकल्पात ज्याला ‘हा पदार्थ स्पिन लिक्विड नाही, आम्ही नीट तपासले’ असे उत्तर मिळाले, त्याच्या पुढच्या अर्जाचे काय होते? ते उत्तरही विज्ञानाची कमाईच आहे, हे मूल्यमापन समितीत कोणी म्हणते का?

हा प्रश्न मुंबईत तरी जिव्हाळ्याचा वाटायला हवा. १९६९ मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले चंचलकुमार मजुमदार आणि त्यांचे विद्यार्थी दीपन घोष यांनी बाणांच्या एका साखळीचे गणित सोडवले. साखळीतल्या प्रत्येकाची शेजाऱ्याशी एक अट आणि शेजाऱ्याच्या शेजाऱ्याशी निम्म्या जोराची दुसरी. म्हणजे पुन्हा त्रिकोणाचेच भांडण. ते नेमके कसे मिटते हे त्यांनी सिद्ध केले: शेजारी-शेजारी जोड्या जमवतात आणि जोडीतले दोघे एकमेकांत इतके गुंतून जातात की बाहेरच्यांशी त्यांचे देणेघेणेच उरत नाही. कुचंबणेच्या कोड्यांना अशी तंतोतंत उत्तरे फार क्वचित मिळतात. ‘मजुमदार-घोष प्रारूप’ आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. त्याच संस्थेतून पीएच.डी. झालेल्या श्रीराम शास्त्रींनी बिल सदरलंड यांच्यासह १९८१ मध्ये साखळीच्या जागी प्रतलातल्या बाणांसाठी तसेच नेमके उत्तर देणारे प्रारूप रचले. तेव्हा असा पदार्थ कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. तो १९९९ मध्ये जपानमध्ये ओळखला गेला, स्ट्रॉन्शियम कॉपर बोरेट. आणि दाब वाढवत नेला की तो काय काय करतो, यावर आजही शोधनिबंध निघत आहेत. १९६९ च्या त्या कामाला ‘अपेक्षित उपयोग’ असा रकाना भरायला लावला असता तर त्या दोघांनी काय लिहिले असते?

उपयोग झालेच नाहीत असेही नाही. पण ते भलत्याच दारातून आले. काही मिश्रधातूंत चुंबकीय अणू वेडेवाकडे विखुरलेले असतात आणि तिथे कुचंबणेची काच तयार होते, ‘स्पिन ग्लास’. व्यवहारात तिचा कोणालाही काही उपयोग नव्हता. तिचे गणित सोडवताना जॉर्जिओ परिसी यांनी १९७९-८० मध्ये जी पद्धत शोधली, तिने त्यांना २०२१ चे नोबेल मिळवून दिले. त्याच काचेच्या गणितावरून जॉन हॉपफिल्ड यांनी १९८२ मध्ये स्मृतीचे एक प्रारूप बनवले. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पायातला तो एक दगड, ज्याला २०२४ मध्ये नोबेलने मोहोर उमटवली. (त्याआधी २०२२ मध्ये हॉपफिल्ड यांना बोल्ट्झमन पदक मिळाले, ते पुण्याच्या आयसरमधल्या दीपक धर यांच्यासह विभागून. आपल्याकडे त्याची दखल किती घेतली गेली, हे जाऊ द्या.) शरीरातल्या प्रथिनांचेही तसेच. प्रथिनाची लांब साखळी क्षणार्धात नेमकी घडी कशी घालते, या कोड्यात जोसेफ ब्रिंगेलसन आणि पीटर वोलिन्स यांनी १९८७ मध्ये स्पिन ग्लासचाच विचार आणला: उत्क्रांतीने अशा साखळ्या निवडल्या, ज्यांच्यात आपसातली कुचंबणा कमीत कमी आहे. अल्झायमरसारख्या आजारांत चुकीच्या घडीची प्रथिने मेंदूत का साचतात, हे समजून घेणाऱ्यांना ही भाषा आज कामाची ठरते आहे. एकोणीसशे सत्तरच्या दशकात तांब्यात थोडेसे मँगनीज मिसळून मोजमापे करणाऱ्या कोणालाही मेंदूचा आजार किंवा बोलणारा संगणक डोळ्यांपुढे नव्हता.

म्हणून मिशनच्या साहित्य शाखेतला एक निश्चित हिस्सा उपकरणाचे वचन न मागता द्यावा, असे मला वाटते. तो मुख्यतः कशावर खर्च व्हावा? स्फटिक वाढवणाऱ्यांवर. या क्षेत्रात सिद्धांत मांडणाऱ्याचे नाव होते, न्यूट्रॉनचा आलेख काढणाऱ्याचे होते, आणि भट्टीसमोर महिनोन्‌महिने बसणाऱ्याचे नाव लेखकांच्या यादीत मध्येच कुठेतरी असते. वर सांगितलेले बहुतेक वाद मुळात स्फटिकाच्या शुद्धतेचे आहेत. दुसरा खर्च हेलियमचा. निरपेक्ष शून्याजवळ जायला द्रव हेलियम लागतो आणि हेलियम आपण आयात करतो. उडून जाणारा वायू पुन्हा गोळा करून द्रवरूप करणारी यंत्रणा प्रत्येक मोठ्या विद्यापीठात असायला हवी, मोजक्या केंद्रीय संस्थांत नव्हे. न्यूट्रॉन मात्र आपल्याकडे आहेत. ट्रॉम्बेची ध्रुव अणुभट्टी १९८५ पासून चालू आहे आणि तिच्यावरच्या यंत्रांवर देशभरातले संशोधक चुंबकीय रचना तपासतात. त्याहून तीव्र किंवा वेगळ्या प्रकारचे शलाकास्रोत हवे असतील तर इंग्लंडमधल्या आयसिसकडे किंवा जपानकडे वेळ मागावा लागतो. तो मिळाला की चार-पाच दिवसांत प्रयोग उरकता येतो. अट एवढीच की सोबत नेण्यासारखा स्फटिक तयार हवा, आणि त्याला दहा महिने लागतात.